मावळू न दिलेला दिवस

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानूही नका. मी स्वतः तिथे नसतो तर मीही मानलं नसतं. म्हणालो असतो, छुन-बोक म्हातारा झाला, दोन वाट्या तांदळाची दारू पोटात गेली की ह्याच्या जिभेला पाय फुटतात. पण मी तिथे होतो. मेलेला होतो, ती गोष्ट वेगळी, पण होतो.

माझा धंदाच मरण्याचा. टीव्हीच्या मालिकांमध्ये मी आयुष्यभर मेलो. राजेरजवाड्यांच्या मालिकेत सकाळी पोटात भाला घ्यायचा, डबा खायचा, आणि दुपारी शत्रूचे कपडे चढवून तोच भाला दुसऱ्याच्या पोटात घालायचा. हल्लीच्या मालिकेत गच्चीवरून पडायचं. इतक्यांदा मेलो की काळ्या टोपीचा यमदूत मला रस्त्यात भेटला तर आधी तोच कमरेत वाकतो. ह्या धंद्याचे कायदे दोनच. समोरच्याचा ठोसा चार बोटं लांब असतानाच आपली मान फिरली पाहिजे, हा एक. आणि एकदा पडलं की दिग्दर्शक ‘कट’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, मुंगी नाकात शिरली तरी. हा दुसरा कायदा मोडणाऱ्याला पुन्हा कुणी मरायला बोलावत नाही.

हे मी सांगत होतो ते मल-लेच्या तंबूत. दोक्कोलच्या चढणीच्या तोंडाशी, त्या नव्या काचेच्या इमारतीच्या पायथ्याला, केशरी कापडाचा, खाण्यापिण्याचा तंबू आहे. मल-ले तव्यापुढे उभी राहून कात्रीने कांद्याची पात कातरत होती. उकाडा मरणाचा, तरी तिच्या बाह्या मनगटापर्यंत. बाकावर संपावरचे पार्सलवाले बसले होते. त्यांचा म्होरक्या सोक, रेड्यासारखा दांडगा, डोक्याला काळी पट्टी बांधलेला.

“आजोबा, म्हणजे त्या मालिकेत तुम्ही होतात?” सोकने फोनच माझ्या नाकाशी आणला. “सूपवालीला कंपनी हाकलते आणि अख्खी गल्ली उठते ती?”

“तीच.”

“आम्ही मोर्च्यात तिच्यातलीच घोषणा देतो!”

“आणि डोक्याची पट्टी?”

“तीपण मालिकेतलीच. ह्या इमारतीत तळमजल्यावर दुकान आहे, तिथे मिळते.”

“दुकान कुणाचं?”

सोकने घोट घेतला. “कंपनीचंच.”

“संप कुणाविरुद्ध?”

“आजोबा, गप पिऊ द्या ना!”

बाकीचे फिदीफिदी हसले. मी मल-लेकडे बोट केलं. “ही बाई माहितेय कोण? ज्या दुकानापुढे ती मालिका झाली ते हिचं. खरी सूपवाली.”

“मग मावशी इथे तंबूत काय करताहेत?”

“दुकान आहे की वर. चांगलं भरभरून चालतंय. आत फार गर्दी होते, म्हणून संध्याकाळी जरा हवा खायला इथे उभी राहते.”

मल-लेने मान वर केली नाही. कात्री मात्र जरा जोरात वाजली.

“उद्या आम्हाला दारातून उठवायला माणसं आणणार आहेत म्हणे,” सोक म्हणाला. आता तो हसत नव्हता. “भाड्याची. काळ्या टोप्यांची.”

“म्हणून तर सांगतोय. त्यांची कशी जिरवायची ते ऐक.”

ती मालिका झाली तेव्हा ह्या चढणीवर इमारत नव्हती. घरं होती, पण रिकामी. भिंतींवर पाडायच्या खुणेच्या लाल फुल्या, खिडक्या उपटून नेलेल्या. माणसाच्या हालचालीची एकच खूण उरली होती, मल-लेच्या धुराड्यातला धूर. हाडांचं सूप करायची ती. काहील एवढी, की तिच्यात बैल पोहला असता. सासूच्या काळापासून ती चुलीवरून उतरलेली नाही, असं मल-ले सांगायची. मी स्वतः तिच्या तळाशी जपानी राजवटीच्या वेळचं एक हाड पाहिलं आहे, अजून चव सोडत होतं.

मी सांगतोय त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी पालिकेत बैठक होती. त्या सकाळी ज्याची चूल पेटलेली असेल त्याला नव्या इमारतीत गाळा. ज्याची विझलेली असेल त्याला नमस्कार. म्हणून कंपनीला ती चूल आदल्या दिवशीच विझवायची होती. कोर्टाचा बेलिफ भाड्याची माणसं घेऊन येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एक मेख होती. सूर्य मावळला की बेलिफाला दाराला हात लावता येत नाही. तेव्हा मल-लेला करायचं होतं एवढंच. मावळतीपर्यंत चूल पेटती ठेवायची.

तिने काय केलं माहितेय? चुलीच्या लोखंडी सांगाड्याला स्वतःचा पाय साखळीने बांधला, कुलूप लावलं आणि किल्ली काहिलीत टाकली.

आणि नेमकं त्याच दिवशी आमचं शूटिंग. दिग्दर्शक कूला म्हणे खरीखुरी गरिबी पाहिजे होती, आणि मल-लेच्या दाराइतकी खरी गरिबी त्याला सगळ्या सोलमध्ये सापडली नव्हती. मालिका कंपनीच्या अन्यायाची. मालिकेत पैसा घातलेला कोणी? त्याच कंपनीने. गरिबांचा राग चांगला खपतो, हे त्यांना आपल्या आधी कळलं होतं. दारात एक देखणी नटी केसांना पांढरं फासून सूपवाली म्हणून बसली होती, आणि खरी सूपवाली आत साखळीला. मी, माझा जुना जोडीदार ग्वांग-दल आणि आणखी पंधरावीस जण शेजाऱ्यांच्या वेशात, फाटके स्वेटर घालून, दारापुढे उभे. गुंडांचं काम करणारी आमचीच दुसरी टोळी बसने यायची होती. ती बस खाली मोर्च्यात अडकली. त्या वर्षी रोज एक मोर्चा असायचा. आज बसवाले, उद्या नर्सबाया, परवा जहाजबांधणीवाले.

शूटिंगआधी आमच्यात डुकराच्या मुंडक्याची पूजा असते. टेबलावर उकडलेलं मुंडकं ठेवायचं, ते हसरं पाहिजे, त्याच्या तोंडात नोटा खोचायच्या, दारू शिंपडायची आणि जमिनीला कपाळ टेकायचं. म्हणजे कुणाचा हातपाय मोडत नाही. मुंडकं मल-लेनेच आपल्या काहिलीत उकडून दिलेलं. असं हसत होतं की मंत्र्याला लाजवील.

पूजा चालू असताना दोन बस आल्या. काळ्या टोप्या, काळी जाकिटं, हातात पहारी आणि लोखंडी नळ्या. साहाय्यक दिग्दर्शिका म्हणजे एवढीशी पोरगी, पण हातात कर्णा. वरच्या पायरीवरून तिने तोंड सोडलं, “ही यायची वेळ झाली? सूर्य कलायला लागला! लाज वाटते का? चला, चेहरे रंगवून घ्या!”

आणि गेले की ते रांगेत! आमच्या मुलखात वरच्या पायरीवरून कुणी ओरडलं की माणूस आधी मान तुकवतो, मग विचार करतो. खऱ्या गुंडांच्या गालांवर खोटे वण काढले. त्यांच्या छातीवर नंबर चिकटवले. डबे दिले, तेही खाल्ले. त्यांचा मुकादम प्यो, पाठ म्हणजे कपाटाचं दार, आरशात आपला वण बघून इतका खूश झाला की म्हणाला, “ताई, जरा डोळ्यापर्यंत ओढा.” मग त्याने डुकरापुढे गुडघे टेकले, तोंडात नोट खोचली, कपाळ जमिनीला लावलं, आणि उठून मला विचारलं, “दादा, विझवायचं दुकान हेच ना?”

“हेच. पण कॅमेरा लागू दे.”

“हो, हो,” म्हणाला बिचारा.

बेलिफ मागे छत्री घेऊन उभा होता. त्याला वाटलं, कंपनीनेच कॅमेरे आणलेत.

कू ओरडला, “ॲक्शन!”

पहिला फटका ग्वांग-दलवर आला. नळी. ग्वांग-दलने शिकल्याप्रमाणे नळी चार बोटं लांब असताना मान फिरवली. आमचा माणूस असता तर नळी तिथेच थांबली असती. ही थांबली नाही. फिरलेल्या मानेच्या मागून आली आणि जबडा घेऊन गेली. सोयाबीन सांडावं तसे दात पायरीवर टपटपले. ग्वांग-दल पडला. काय पडला! चाळीस वर्षांत इतकं सुंदर पडणं मी पाहिलं नव्हतं.

“वा!” कू उड्या मारायला लागला. “कॅमेरा बंद करू नका! हेच पाहिजे होतं मला!”

कट काही म्हणाला नाही.

मग एकेक पडायला लागला. प्रत्येकजण चार बोटं आधी मान फिरवी, आणि प्रत्येकाला फटका नेमका कानामागे, मानेवर, जिथे बसू नये तिथे बसे. एकाचं मनगट उलट्या बाजूला लोंबायला लागलं. एकाच्या मुठीत त्याचाच अर्धा कान. प्योने एकाला चढणीवरून ढकलला, तो पाच पायऱ्या तोंडावर आपटत गेला, सहावीवर नाक राहिलं. आग विझवायच्या नळकांड्यांनी त्यांनी पांढरी पूड मारली. धुरळ्यात रक्त लाल दिसेना, गुलाबी दिसायला लागलं. आणि गल्लीभर आमची माणसं शहाण्या मुडद्यासारखी निपचित. कण्हणंसुद्धा नाही. कट म्हटलेलं नव्हतं ना.

प्योला वाटलं, दारातली नटी हीच दुकानवाली. त्याने तिला केसांना धरून ओढली. केस हातात आले, बाई तशीच बसलेली! हातातला पांढरा टोप बघून तो गडी असा किंचाळला की डोंगरावरचे कावळे उडाले. नटीने त्याच्या गुडघ्याखाली टाच हाणली आणि पळाली ती थेट आपल्या गाडीत.

मग ते दाराला भिडले.

आत मल-ले. पहिला शिरला त्याच्या तोंडावर तिने उकळत्या सुपाचा वरवंट्याएवढा पळा रिकामा केला. त्याची कातडी बटाट्याच्या सालीसारखी गालावरून उतरली. खोटा वण कुठला आणि खरा कुठला, त्यालाही सांगता येईना. दुसऱ्याने फटीतून कडीला हात घातला. मल-लेच्या हातात हाडं तोडायचा सुरा होता. दोन बोटं काहिलीत गेली.

“मावशी!” पार्सलवाल्यांतला एकजण ओरडला. “खरं का हो?”

मल-लेने त्याच्यापुढे तळलेल्या माशाची बशी आदळली. “खा मुकाट्याने.”

“खरं म्हणजे काय!” मी म्हणालो. “त्या रात्रीच्या सुपाला निराळीच चव होती. पण आत बाई एकटी किती दम धरणार? त्यांनी पहारीने दाराची चौकट उपटली. आता सबंध गल्लीत पायावर उभा असलेला शेजारी एकच उरला होता.”

“कोण?”

“तुझ्यापुढे बसलाय तो.”

हातात काही नव्हतं. मी टेबलावरून डुकराचं मुंडकं उचललं, कान धरले आणि गरगर फिरवलं. पहिल्या फेरीत तिघांच्या बरगड्या. दुसरीत एकाचं डोकं असं मागे फिरलं की तो पुढे चालत पाठमोरा घरी गेला. प्यो नळी घेऊन आला. मी मुंडकं त्याच्या तोंडावर हाणलं, तर डुकराने जबडा उघडला आणि प्योचं नाक धरलं! मेलेलं, उकडलेलं, पण पूजेचं होतं. तोंडातल्या नोटा उडाल्या. अर्धे गुंड नोटा गोळा करायला वाकले, आणि देवाच्या नोटा म्हणून प्रत्येक नोटेला आधी नमस्कार. वाकलेल्या माणसाचा मणका फोडायला फारशी अक्कल लागत नाही. मी एका टोकाकडून सुरू केलं. कटाकट, कटाकट, सुकी काटकी मोडावी तसा आवाज.

आणि तेवढ्यात सूर्य डोंगरामागे गेला.

बेलिफाने घड्याळ बघितलं. छत्री मिटली. “झालं,” म्हणाला. “थांबा. हात लावू नका.”

प्यो थांबला. नाकाला डुक्कर लोंबत होतं, तरी थांबला, कायद्याचा माणूस. आतून मल-लेचा आवाज आला. रडत होती का हसत होती, ते धुरात कळेना. चूल पेटलेली होती. काहील उकळत होती.

आणि कू ओरडला, “अंधार झाला! दिवा लावा!”

यारीवर, त्या उंच क्रेनवर, दिवा होता. घराएवढा. तो लागला आणि गल्लीत भर दुपार झाली. सावल्या पायाशी गोळा झाल्या. पडक्या घरांमधले कोंबडे आरवले. कावळे परत आले. भिंतीच्या फटीतला चिनी गुलाब मिटला होता तो उमलला. बेलिफाने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. फोन लावला. कंपनीशी बोलला. दोनदा “हो साहेब” म्हणाला. मग त्याने छत्री पुन्हा उघडली, उन्हासाठी.

“दिवस आहे अजून,” म्हणाला. “चालू द्या.”

सोकने वाटी खाली ठेवली. “असं कसं? घड्याळ होतं ना त्याच्याकडे?”

“घड्याळ कुणाच्या पगाराचं रे?”

पुन्हा पहारी उठल्या. कू वेड लागल्यासारखा ओरडत होता, “सुंदर! गरिबाचं दुःख! आणखी जवळून घ्या!” काळ्या टोप्या आत घुसल्या. एकाने काहिलीच्या कडेला पहार घातली. मल-लेने हात मध्ये घातला, तर उकळतं सूप तिच्या बाहीवरून खांद्यापर्यंत गेलं. तिची किंकाळी मी ऐकली आणि मला समजलं, ह्या माणसांना मारून काही होणार नाही. मारायचं तर त्या उन्हाला मारायला पाहिजे.

मी प्योच्या नाकावरून मुंडकं उपटलं, त्याचा कान दातात धरला आणि यारीवर चढलो. ह्या वयात! खालून प्योने माझ्या पोटरीत पहार खुपसली, आरपार गेली, मी पहारीसकट चढलो. दिवा इतका तापलेला, की माझ्या भुवया जळून वाऱ्यावर गेल्या. वर पोचलो, मुंडकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि घातलं त्या सूर्याच्या मधोमध.

फुटला! काचेचा पाऊस पडला सगळ्या गल्लीवर. प्योच्या खांद्यात विळ्याएवढी काच रुतली. कूची पाठ सोलून निघाली, तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘कट’ निघालं, तेही आईच्या नावासकट. आणि मग अंधार. असा अंधार, की बेलिफाला आपली छत्री दिसेना. त्याने तिथल्या तिथे कोर्टाच्या कागदांची पिशवी बंद केली आणि सगळ्यांना घेऊन चढण उतरला. गुंड एकमेकांच्या कमरेला धरून, मोडके, कण्हत, छातीवर नंबर.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटलेली होती! पालिकेचा माणूस आला, त्याने सूप ओरपलं, सही केली. गाळा मिळाला. ती काहील आजसुद्धा वर आहे, सोक. रोज उकळते. म्हणून म्हणतो, उद्या येऊ देत त्यांना. काही होत नाही. एक माणूस पायावर उभा राहिला की बास.

तंबूत सगळे टाळ्या पिटायला लागले. एकाने माझी वाटी भरली. सोक मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो डोक्याच्या पट्टीची गाठ चाचपत होता.

“आजोबा,” तो म्हणाला, “काहील मी बघितलीय. मोठी, काळी. एका कडेला पहारीचा पोचा आहे.”

“मग! सांगतो काय!”

“पण ती चुलीवर नाहीये. काचेच्या दाराशी ठेवलीय. तिच्यात फुलं लावलीत. मालिकेतली काहील म्हणून बाहेरदेशचे लोक तिच्याशी उभं राहून फोटो काढतात. आम्ही तिच्या बाजूलाच धरणं धरलंय.”

“ती दुसरी असेल.”

“आणि मावशींचं दुकान मी वर कुठे पाहिलं नाही.”

मी वाटी तोंडाला लावली. मल-लेने कात्री खाली ठेवली. तव्याखालचा गॅस बारीक केला. मग तिने डाव्या हाताची बाही मनगटापासून वर सरकवायला सुरुवात केली. खांद्यापर्यंत. आत हात असा राहिलेलाच नव्हता. मेण वितळून पुन्हा गोठावं तसं काहीतरी होतं. बाकावरची सगळी माणसं दुसरीकडे बघायला लागली. सोकने बघितलं.

“सुऱ्याचं खरं आहे,” ती म्हणाली. “ग्वांग-दलच्या जबड्याचंही खरं आहे. अजून पेजेवर जगतो तो. त्याचं पडणं जगभर गाजलं, काय नट आहे म्हणाले.”

“वहिनी, जाऊ दे ना,” मी म्हणालो.

“का जाऊ दे? उद्या ह्या पोरांची पाळी आहे.” ती माझ्याकडे वळली नाही, सोकशीच बोलत राहिली. “दिवाबिवा काही फुटला नाही. उजाडेपर्यंत जळत होता. आणि हे आपले छुन-बोकराव, हे सगळ्यात पहिले पडले. ग्वांग-दलच्या आधी. ठोसा लागलाही नव्हता, चार बोटं लांब होता. माझी साखळी कापली, मला पाय धरून ओढत बाहेर नेली, ती ह्यांच्या अंगावरून नेली. ह्यांचा डोळा उघडा होता. मी म्हटलं, उठा हो, चूल विझवतायत, उठा! तर हे ओठ न हलवता मला काय म्हणाले माहितेय? ‘वहिनी, अजून कट म्हटलेलं नाही.’”